सवलत नंतर द्या, आधी काड्या द्या

राजापेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. जूनमध्ये आमच्याकडे दोन गोष्टी हमखास खपतात, चौकटीची वही आणि उजळणी. उजळणी म्हणजे पाढ्यांचं पातळ पुस्तक. वर्षानुवर्षं काउंटरवर मी एकच दृश्य बघतोय. आई किंवा बाप पोराला खांद्याला धरून पुढे करतात आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगतात, "भाई, इसको हिसाब बिलकुल नहीं आता, कोई अच्छी किताब दो." मराठी घरातले असले तर, "याचं गणित लय कच्चं आहे हो." पोरगं खाली बघतं. मी उजळणी काढून देतो, पैसे घेतो आणि वर फुकटचा सल्लाही द्यायचो, रोज सकाळी पाढे म्हणून घ्या.

त्या सल्ल्याची आज मला लाज वाटते. घरातल्याच एका पोरीवर मी तो सल्ला चालवला आणि तिचं नुकसान केलं.

माझी भाची, आपाची मधली मुलगी, तेव्हा तिसरीत होती. बोलायला तिखट, मराठी आणि उर्दू दोन्ही फडाफडा वाचणारी, नानीच्या गोष्टी नानीपेक्षा चांगल्या सांगणारी. पण बाईंनी 'पंचवीस' म्हटलं की वहीत ५२. 'त्रेसष्ट' म्हटलं की ३६. सात आणि पाच किती, तर बोटांवर मोजून बारा. पाच मिनिटांनी तेच विचारलं तर पुन्हा बोटं, पुन्हा एकपासून. आठ मोठे की सहा, यावरसुद्धा थांबून विचार करायची. पन्नासची नोट देऊन दुकानात पाठवली तर दुकानदार जे हातावर ठेवील ते घेऊन यायची. मी तिला एकामागून एक तीन उजळण्या दिल्या. ट्यूशनच्या सरांनी तळहातावर पट्टी दिली. कुणी पाणी दम करून दिलं, कुणी रोज पाच बदाम सांगितले. बदाम मोजून घे म्हटलं की तिथंही तिची गडबड व्हायची.

शेवटी दुल्हेभाईंनी निकाल दिला, "लड़की है, सातवीं तक पढ़ा देंगे, फिर सिलाई सिखा देंगे." शिवणकामात मापं नसतात असं त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे.

लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी तापासाठी नेलेल्या पोरीशी दहा मिनिटं बोलून आपाला एक शब्द लिहून दिला, डिस्कॅल्क्युलिया. गणन अक्षमता. आपा ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली, कारण पुस्तकाचं दुकान असलेल्या भावाला सगळं माहीत असतं असा तिचा समज. मला काहीच माहीत नव्हतं. मग वाचायला बसलो.

हे नवं खूळ नाही. १९७४ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या लादिस्लाव्ह कोश्च यांनी शाळकरी मुलांच्या तपासणीवरून या अडचणीची व्याख्या मांडली होती. बुद्धी इतरांसारखी, वाचन-बोलणं ठीक, पण संख्या म्हणजे किती याची जाण कच्ची. बहुतेकांना तीन टिकल्या बघून 'तीन' दिसतात. या मुलांना त्या मोजाव्या लागतात. शंभरात साधारण तीन ते सात मुलं अशी असतात. म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गात एक ते तीन. अमरावतीतल्या कुठल्याही शाळेच्या कुठल्याही वर्गाचं दार उघडा, त्यातलं एखादं तरी पोर आत बसलेलं सापडेल, आणि बहुधा शेवटच्या बाकावर.

आता ज्याच्यावर माझं भांडण आहे तिकडे येतो. या मुलांसाठी महाराष्ट्राने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. अध्ययन अक्षम मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती देणारं हे देशातलं पहिलं राज्य, १९९६ पासून. जास्तीचा वेळ, कॅल्क्युलेटर, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. चांगली गोष्ट आहे, ती काढून घ्या असं मी म्हणणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर डिस्कॅल्क्युलिया नावानिशी आहे. पण त्याच कायद्याचं सोळावं कलम वाचा. शाळांनी अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य अध्यापनाचे व इतर उपाय योजावेत, असं ते सांगतं. अध्यापनाचे उपाय. सवलत हा शब्द तिथं नंतरचा. आम्ही मात्र कायद्याचा शेवटचा पायऱ्यांचा भाग उचलला आणि पहिली पायरी सोडून दिली. पोरगं सात वर्षांचं असताना कुणी त्याच्यापुढे दहा काड्यांचा गठ्ठा ठेवत नाही. पंधराव्या वर्षी कागद देतो की जा बाबा, तुला बीजगणित माफ.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात आणखी एक गोष्ट आली. गणितात आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाता येईल, फक्त गुणपत्रिकेवर तसा शेरा राहील. पोरांचं वर्ष वाचेल, आत्महत्येपर्यंत गेलेलं एखादं पोर वाचेल, मला मान्य. पण शिकवण्याबद्दलचा प्रश्न गुणांचा आकडा खाली आणून सोडवला, एवढंच त्याचं वर्णन करता येईल.

तुम्ही म्हणाल काड्यांनी काय होतं? सांगतो.

आपण मराठीत संख्या कशा बोलतो ते आधी बघा. लिहिताना २५, दोन आधी. बोलताना पंच-वीस, पाच आधी. माझी भाची ५२ लिहायची ती कानाने ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहायची. त्यात 'एकोण'. एकोणपन्नास म्हटलं की तिच्या कानात 'एक' पडायचं आणि 'पन्नास' पडायचं, वहीत ५१. एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत एक नियम चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. घरी आम्ही बोलतो ती हिंदी-उर्दू. तिथं उनहत्तर आहे, उन्यासी आहे, पण पुढे नवासी आणि निन्यानवे, म्हणजे तो नियम दहा घरं आधीच मोडतो. संध्याकाळी मकतबमध्ये ती उजवीकडून डावीकडे वाचते, पण त्याच पानावरचा आकडा डावीकडून. ट्यूशनला इंग्रजी, ट्वेंटी फाइव्ह, तिथं वीस आधी. एका आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात आपण तीन भाषांचे तीन नियम कोंबतो आणि मग म्हणतो, हिच्या डोक्यात भुसा आहे.

२०१९ चा जून आठवतोय का? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं होतं. तेलुगू, कन्नडमध्ये दशक आधी बोलतातच. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी पद्धत काढलेली नाही, दोन्ही चालतील, मुलांना जड जातं म्हणून ही जोडीला दिली आहे, असं त्या परोपरीने सांगत होत्या. ऐकतो कोण. मराठीचा खून झाला म्हणून अग्रलेख आले. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरून विनोद झाले. मीही दुकानात बसून हसलो होतो. एक गिऱ्हाईक 'सत्तर सात पानी वही द्या' म्हणाला आणि आम्ही सगळे खदखदून हसलो. माझी भाची पुढच्याच काही वर्षांत तिसरीत जाणार होती आणि ज्या दोन ओळींनी तिचा रस्ता थोडा सोपा झाला असता त्यांच्यावर मामू हसत होता.

नारळीकरबाईंचा उपाय अर्धाच होता असं मात्र मला वाटतं. 'वीस पाच' हे नाव सोपं आहे, पण तेही नावच. ज्या पोराला वीस म्हणजे किती हेच दिसत नाही त्याला नाव बदलून किती फरक पडणार? त्याला वीस दाखवावे लागतात.

तर आम्ही सुरुवात केली ती अपघाताने. अम्मीची तस्बीह भाचीच्या हातात होती आणि ती मणी ओढत मोजत होती. तेहेतिसाव्या मण्यापाशी खूण असते तिथं ती दरवेळी थांबायची आणि न चुकता "तेहेतीस" म्हणायची. बोटांवर चुकणारी पोर मण्यांवर चुकत नव्हती, कारण मोजलेले मणी मागे तसेच दिसत राहतात, बोटांसारखे मिटत नाहीत. अम्मी म्हणाली, तस्बीह हिसाबासाठी नसते. बरोबर आहे तिचं. मी इतवारा बाजारातून मणी आणले, दहा लाल, दहा पांढरे, दहा लाल, असे शंभर ओवले. पुढे कळलं की ही शंभर मण्यांची माळ मी शोधलेली नाही, गणितमाळ या नावाने ती कितीतरी शाळांत आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत गणिताच्या पेट्या आहेत, त्यात माळा आहेत, दशकाचे दांडे आहेत. काही शिक्षक त्या जीव लावून वापरतात, मी अशा दोघांकडून शिकलो. बाकी ठिकाणी पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप, कारण हरवलं तर भरून कोण देणार.

माळेवर ४७ दाखव म्हटलं की ती आधी चार रंग ओलांडायची, मग सात मणी. तिला पहिल्यांदा दिसलं की ४७ आणि ७४ एकमेकांपासून किती लांब आहेत. तोवर तिच्या लेखी ते दोन आकड्यांची अदलाबदल होते, बस्स.

मग वजाबाकी. ४३ मधून १७. ती काय करायची? चारातून एक गेला तीन, सातातून तीन गेले चार, उत्तर ३४. लहानातून मोठा जात नाही म्हणून मोठ्यातून लहान घालवायची. आणि आम्ही ओरडायचो, हातचा घे! हातचा. शब्द बघा. नाव हातचा, आणि हातात काहीही नाही. वहीच्या डोक्यावर एक बारका आकडा. मी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले, रबर लावून. चार गठ्ठे, तीन सुट्या. सतरा दे म्हटलं. तिने तीन सुट्या दिल्या, मग गठ्ठ्यांकडे बघत बसली. मी काही बोललो नाही, खरं तर जीभ चावून बसलो होतो. तिने एका गठ्ठ्याचं रबर काढलं. खळ्ळकन दहा काड्या पडल्या. "अब हैं ना," म्हणाली. तेरातून सात गेल्या, सहा. तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन. सव्वीस. रबर काढणं म्हणजे हातचा, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

काड्यांचं नाव काढलं की पहिला आक्षेप येतो, परीक्षेत काड्या नेता येतील का? नाही येणार. नेण्याची गरजही पडत नाही, जर तुम्ही घाई केली नाहीत तर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या, आधी हाताने करणं, मग चित्राने, मग चिन्हाने. आम्ही काड्यांनंतर कागदावर आलो, गठ्ठ्याला उभी रेघ, सुटीला टिंब. चार रेघा, तीन टिंबं. एक रेघ खोडायची, दहा टिंबं काढायची. काही महिने हे चाललं. मग रेघा-टिंबं समासात गेली, मग एक दिवस नुसते आकडे. अजूनही गडबडली की समासात दोन रेघा मारते. मारू दे. कोऱ्या समासावर कुठल्या बोर्डाने बंदी घातलेली नाही.

चौकटीच्या वहीची तर गंमत आहे. इतकी वर्षं मी ती विकतोय. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गरिबाच्या पोराच्या दप्तरात गुणाकाराचं सगळ्यात उत्तम साधन पडलेलं आहे आणि आपण तिचा उपयोग करतो एका चौकटीत एक आकडा बसवायला! सात आठे छप्पन्न भाचीला आजही पाठ नाही. पण ती वहीवर सात ओळी आणि आठ उभे रकाने आखते, पाच ओळींखाली रेघ मारते. वर पाच आठे चाळीस, खाली दोन आठे सोळा. छप्पन्न. पाढा विसरला तरी तो पुन्हा उभा करायची जागा तिच्याकडे आहे. "आम्ही तर पाढे पाठ करूनच शिकलो, पावकी-निमकीसुद्धा," असं म्हणणारे बुजुर्ग मला नेहमी भेटतात. चाचा, तुम्ही शिकलात म्हणून आज हे सांगायला इथं उभे आहात. तुमच्या बाकावर शेजारी बसणारे जे तिसरीत शाळा सोडून गेले ते सांगायला येत नाहीत.

अपूर्णांकाचंही तसंच. एक तृतीयांश मोठा, एक द्वितीयांश लहान, कारण तीन मोठे दोन लहान. रोटी दोघांत तोडली, तिघांत तोडली, आणि विषय संपला. आपल्या घरातल्या मुलींना अपूर्णांक यायलाच हवेत असं माझं मत आहे. सूरह निसामध्ये वारशाचे हिस्से अर्धा, चौथाई, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा अशा अपूर्णांकांतच सांगितलेले आहेत. मुलींना ते गणित येत नसलं तर कुणाची सोय होते हे ज्याचं त्याने आपल्या घरात बघावं.

आणि आपल्या अभिमानाचं काय? जलशांत, मुशायऱ्यांत, व्हॉट्सॲपवर आपण छाती फुगवून सांगतो की अल्जिब्रा मुसलमानांनी दिला. दिला ना. बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने इसवी सन ८२० च्या सुमारास 'अल्-जब्र'चं पुस्तक लिहिलं, त्याच्याच नावावरून अल्गोरिदम शब्द आला. त्या पुस्तकाचा बराच मोठा भाग वारशाच्या वाटणीच्या गणितांचा आहे, हे सांगणारे थोडे. आणि त्याने शिकवलं कसं हे सांगणारे त्याहून थोडे. त्याच्या पुस्तकात क्ष नाही, य नाही, सगळं शब्दांत आहे. आणि जिथं पटवून द्यायचं तिथं चित्र आहे. त्याचं प्रसिद्ध उदाहरण, एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९, तर ती संख्या कोणती? तो एक चौरस काढतो. त्याची बाजू म्हणजे न कळलेली संख्या. दहापट म्हणजे दहा रुंदीची पट्टी, ती मधून कापून पाच-पाचच्या दोन पट्ट्या चौरसाच्या दोन बाजूंना चिकटवतो. आता एक मोठा चौरस जवळपास तयार होतो, फक्त एका कोपऱ्यात पाच बाय पाचची खाच रिकामी राहते. ती पंचवीसने भरा. ३९ आणि २५, चौसष्ट. चौसष्टच्या चौरसाची बाजू आठ. त्यातले पाच पट्टीचे, उरले तीन. हेच आपण दहावीला 'पूर्ण वर्ग पद्धत' म्हणून शिकवतो, आणि किती वर्गांत ती खाच काढून दाखवतात? सूत्र फळ्यावर, उतरवून घ्या, पाच मार्क. अल्-ख्वारिज्मी आज आमच्या एखाद्या क्लासला आला तर 'चित्रं काढत बसू नको, सिलॅबस संपव' असं त्याला ऐकावं लागेल.

ज्या गावात आपण राहतो त्या अमरावतीत ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ राहिल्या होत्या. पुढे गिजुभाईंबरोबर काम करून त्या बालशिक्षणाच्या झाल्या. बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी पोरांना शिकवलं ते बिया, खडे, शिंपले, पानं घेऊन. माँटेसरीबाईंचे महागडे सोनेरी मणी परवडत नाहीत म्हणून थांबल्या नाहीत. तेव्हा साधनं महाग पडतात ही सबब या गावाने तरी सांगू नये.

दिसेल असं शिकवणं म्हणजे काय, यावरही फसवणूक चालू आहे म्हणून थोडं बोलतो. राजापेठेत आणि आसपास क्लासेसचे जेवढे फलक आहेत त्यातल्या अर्ध्यांवर हल्ली 'व्हिज्युअल', 'स्मार्ट', 'ब्रेन' असलं काहीतरी असतं. पडद्यावर हत्ती नाचत येतो आणि पाठीवर '५' लिहिलेलं असतं. यात पाच कुठं आहेत? एक हत्ती आहे आणि एक आकडा आहे. चित्रात ती संख्या स्वतः दिसली पाहिजे, नाहीतर ती नुसती सजावट. ॲबॅकसचे क्लास वेग विकतात, आणि या मुलांना नेमका वेगच मारतो. 'तुमचा मुलगा व्हिज्युअल टाइपचा आहे' असं सांगून पैसे घेणारेही भेटले. मुलांचे असे टाइप पाडून त्या-त्या पद्धतीने शिकवलं तर जास्त येतं, याला पुरावा नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्येच तपासून लिहिलं आहे. काड्या एका टाइपच्या पोरासाठी नाहीत. संख्या आधी डोळ्याला आणि हाताला भेटावी, मग कागदावर, हे सगळ्यांनाच लागतं. बाकीची पोरं ती पायरी घरी-दारी कशीतरी चढून येतात, या पोरांना ती आपण बांधून द्यावी लागते.

आणि काही पोरांना गर्दीची चित्रंच गोंधळात पाडतात हेही बघितलंय. माझ्या एका शेजाऱ्याच्या मुलाला शंभर मण्यांची माळ दिली तर तो रंगांतच हरवला. त्याला वीस मण्यांची दिली. काड्यांनी डिस्कॅल्क्युलिया जातो असं मी म्हणत नाही. भाचीचा गेलेला नाही. घड्याळ अजून तिला छळतं.

माझ्या काउंटरवर येणारी सगळी पोरं या आजाराची असतात असंही नाही. बरीच अशी असतात ज्यांना कुणी धड शिकवलेलंच नाही. फळबाजारात बापाच्या गाडीवर उभा राहणारा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा पाच-पाच संत्री हातात घेऊन झरझर मोजतो, पावणेदोन किलोचे पैसे तोंडी सांगतो, दोनशेच्या नोटेतून परत देतो, आणि शाळेत गणितात नापास. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९८५ साली अशाच रस्त्यावर विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला. गाडीवर त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, तेच हिशेब कागदावर आकड्यांत दिले तेव्हा ३७ टक्के. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांबद्दल हीच गोष्ट 'नेचर' या नियतकालिकात आली, आणि उलटंही दिसलं की शाळेत कागदावर सोडवणारी पोरं बाजारातल्या हिशेबात अडखळतात. म्हणजे गाडी आणि वही यांच्यामध्ये पूल नाही. आपल्या समाजातली किती पोरं त्या मधल्या खड्ड्यात पडून गॅरेजला, वेल्डिंगला, हातगाडीला लागतात हे मला सांगायची गरज नाही. कोणाला खरोखर अक्षमता आहे आणि कोणाला नुसतं शिकवलं गेलं नाही, हे तपासणी ठरवेल. तपासणीची रीत ठरलेली आहे, तिसरीच्या सुमारास किंवा आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून. जरूर करून घ्या, कागदाचा पुढे उपयोग होतो. पण त्या तारखेची वाट बघत वर्ष घालवू नका. काड्यांना सर्टिफिकेट लागत नाही. पोर अक्षम नसलं तरी काड्यांनी त्याचं काही बिघडत नाही.

आमच्या मोहल्ल्याची एक कमिटी दरवर्षी निकालानंतर हॉल घेऊन गुणगौरव करते. नव्वद टक्क्यांवरच्या मुलांना शील्ड, शाल, भाषणं, फोटो. मीही चंदा देतो. गेल्या वर्षी भाची माझ्याबरोबर आली होती, शेवटच्या रांगेत बसली आणि किती शील्ड वाटले ते मोजत राहिली. "मामू, सैंतीस," म्हणाली. मी मनात मोजून बघितलं, बरोबर होतं. घरी येताना तिने विचारलं, शील्ड न मिळालेल्यांसाठी कमिटी काय करते?

यंदा मी कमिटीला लेखी अर्ज दिला. शील्ड अर्धे करा. उरलेल्या पैशांत काड्या, रबरं, मणी आणि चौकटीच्या वह्या घ्या, वह्या मी खरेदीच्या भावात देतो. मकतब सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास, पहिली ते चौथीची पोरं, मराठी शाळेतली, उर्दू शाळेतली, मोहल्ल्याबाहेरची यायची असतील तर तीही. त्या दोन शिक्षकांपैकी एकजण रिटायर झालेत, ते यायला तयार आहेत. मौलाना साहेबांनी जागा दिली आहे. कमिटीचे सदर म्हणाले, बात अच्छी है, सोचेंगे. एक मेंबर म्हणाले, पर ये फेल होने वाले बच्चों पे खर्च करके नाम किसका होगा?

शील्डची ऑर्डर गेल्या आठवड्यात गेली. आम्ही सोमवारपासून बसतोय. पहिल्या दिवसासाठी भाची काड्यांचे गठ्ठे बांधून ठेवते आहे, आणि दर गठ्ठ्यात दहाच आहेत ना हे दोनदा मोजते आहे.